ज्ञानू लांगरीचं चित्र

"बाई, ह्यात शत्रू कुठाय?"

आबासाहेब जगदाळ्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझी तीन चित्रं धामणखेडच्या सोसायटीच्या टेबलावर पसरलेली होती आणि कागद गुंडाळले जाऊ नयेत म्हणून कोपऱ्यांवर चहाच्या बशा ठेवल्या होत्या. पहिल्या चित्रात ऑलिव्हच्या झाडावर पलटणीचे सदरे वाळत होते. दुसऱ्यात चिखलात रुतलेलं खेचर आणि त्याला मागून ढकलणारे दोघं. तिसऱ्यात पाऊस अंगावर घेत चहाच्या रांगेत उभे असलेले सतरा जण. आबासाहेबांनी तिन्ही चित्रं उलटी करूनही पाहिली. शत्रू मागच्या बाजूलाही नव्हता.

मी म्हटलं, "मूळ चित्रांत नाही, म्हणून माझ्यातही नाही."

"मग लढाई कुणाशी चालली होती? चिखलाशी?"

तसंच काहीसं दिसत होतं.

ही गोष्ट एकोणीसशे पंच्याण्णवची. दुसरं महायुद्ध संपून पन्नास वर्षं होत होती. धामणखेडहून त्या युद्धाला एकसष्ट माणसं गेली होती, त्यांतली बरीचशी इटलीत. त्यांच्या नावानं गावानं वीरस्मृती दालन बांधलं. आबासाहेब सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे दालन समितीचेही अध्यक्ष तेच. शिवाय त्या एकसष्टांत त्यांचे वडील होते. नाईक ज्ञानदेव जगदाळ्यांनी इटलीत एकट्यानं शत्रूची मशीनगन कशी हिसकावून घेतली, हे आबासाहेबांच्या प्रत्येक भाषणात असायचं. पाणीपुरवठ्याच्या योजनेवरचं भाषणसुद्धा त्या मशीनगनवरूनच पुढं जायचं. दालनाच्या दारात वडिलांचा सिमेंटचा अर्धपुतळा बसवून झाला होता, संगमरवरी फरशी झाली होती, मंत्र्यांची तारीख मिळाली होती, आणि मग समितीच्या लक्षात आलं की आत लावायला काहीच नाही.

तेव्हा कुणाला तरी हवालदार मारुती लोहार आठवले. लोहार पलटणीत कारकून होते आणि इटलीत असताना त्यांनी जलरंगात बरीच चित्रं काढली होती. ते वारून वीस वर्षं झाली होती. चित्रं त्यांच्या मुलीकडं होती, मिरजेत. समिती जीप करून तिच्याकडं गेली आणि हात हलवत परत आली. मुलगी चित्रं द्यायला तयार नव्हती, विकायला नव्हती, फोटो काढू द्यायलाही नव्हती. फोटोवाल्याचा दिवा त्या रंगांना सोसायचा नाही असं तिचं म्हणणं. कुणी येऊन माझ्यासमोर बसून हातानं उतरवून घेणार असेल तर घेऊ दे, एवढंच ती म्हणाली.

म्हणून त्यांना मी सापडले. तालुक्याच्या शाळेत एकोणीस वर्षं मी चित्रकला शिकवत होते. एकोणीस वर्षांत मी हजारो मुलांकडून माठ, लिंबू आणि घडीचा टॉवेल काढून घेतला होता. माझं स्वतःचं एकही प्रदर्शन झालं नव्हतं. दालनाच्या दारावर संगमरवरी पाटी लागेल आणि तीवर 'चित्रकार मंदाकिनी पोतदार' असं कोरलं जाईल, असं आबासाहेब म्हणाले. ड्रॉइंगच्या बाई नव्हे, चित्रकार. मी मे महिन्याची सुट्टी सुरू होण्याची वाटही पाहिली नाही, रजा टाकून मिरजेला गेले.

वत्सलाबाई लोहार निवृत्त नर्स होत्या. साठीच्या घरातल्या, बारीक अंगाच्या, एकट्या. दारातच त्यांनी मला विचारलं, "हात धुतलेत?" मी हो म्हटलं. "साबणानं?" मग मी पुन्हा धुतले. हे पुढं रोज झालं. पंखा लावायचा नाही, चहा चित्रांच्या खोलीत आणायचा नाही, एका वेळी एकच चित्र बाहेर येणार आणि ते पुरं झाल्याशिवाय दुसरं मागायचं नाही. चित्रं पत्र्याच्या पेटीत, जुन्या पातळांच्या घड्यांत ठेवलेली. प्रत्येक जेमतेम वहीच्या पानाएवढं. मी ती दोन फुटी कागदावर मोठी करून उतरवायची होती.

पहिल्या दिवशी मला वाटलं, हौशी माणसाचं काम आहे, दोन आठवड्यांत उरकेल. तिसऱ्या दिवशी त्या वाळत्या सदऱ्यांनी मला रडवलं. लोहारांनी सदरे रंगवलेच नव्हते. आजूबाजूचं आभाळ आणि पानं रंगवून सदऱ्यांच्या जागी कागद कोरा सोडला होता, आणि तो कोरा कागद उन्हात असा फडफडत होता की माझा हात पुरेना. शिवाय सगळ्या चित्रांवर एक तांबूस झाक होती, ती मला काही केल्या साधत नव्हती. वत्सलाबाई म्हणाल्या, तिथं प्यायच्या पाण्याचीच मारामार होती, तेव्हा बाबा ब्रश उरलेल्या चहात बुडवायचे. मग मीही चहात बुडवला. तेवढ्यापुरता चहा खोलीत यायची परवानगी मिळाली.

अशी तीन चित्रं पुरी करून मी समितीला दाखवायला नेली, तेव्हा ती शत्रूची चौकशी झाली.

समितीनं दीड तास चर्चा केली. आबासाहेबांचं म्हणणं असं की प्रतिकृती म्हणजे प्रतिकृतीच हवी, हुबेहूब, त्यात तडजोड नाही. फक्त जे मूळ चित्रकाराच्या नजरेतून सुटलं असेल ते आपण भरून काढायचं. बिचारा कारकून माणूस, घाईत असणार. खेचराचं काय करायचं यावर मतं घेतली गेली. खेचर हे वीरस्मृतीत शोभत नाही असं ठरलं आणि त्याचा घोडा झाला. घोडा चिखलात रुतलेला बरा दिसत नाही, म्हणून चिखल गेला. चहाच्या रांगेतल्या सतरा जणांच्या हातांतले मग जाऊन तिथं बंदुका आल्या. राहिले वाळते सदरे. शेवटी निवृत्त हेडमास्तरांनी त्यांची निशाणं करायचं सुचवलं आणि सगळ्यांनी मान हलवली.

मी काय केलं? मी म्हटलं, करता येईल. त्या पाटीवर माझं नाव कोरायला दिलं होतं आणि अक्षरं कुठल्या वळणाची हवीत असं मला विचारलं होतं.

तेव्हापासून मी दुहेरी कामाला लागले. दिवसा मिरजेत वत्सलाबाईंसमोर बसून खरं चित्र उतरवायचं, घरी येऊन त्यावरून समितीचं चित्र करायचं. वत्सलाबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. त्या रोज संध्याकाळी माझा कागद आणि वडिलांचा कागद शेजारी ठेवून बघायच्या आणि चूक असेल तिथं बोट ठेवायच्या. चूक दाखवताना त्यांचा आवाज फार मऊ असायचा. इंजेक्शन देतानाही असाच असेल, असं मला वाटायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी अकरावं चित्र काढून दिलं. पडक्या घराच्या भिंतीआड एक माणूस उकिडवा बसलेला. दोन्ही गुडघ्यांत धरलेलं भलंमोठं पातेलं, त्याचं झाकण सुतळीनं बांधलेलं. माणसानं दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते, डोळे घट्ट मिटले होते आणि तोंड उघडं होतं. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं: ज्ञानू जगदाळे, लांगरी. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, हे वत्सलाबाईंनीच सांगितलं. या माणसाबद्दल बाबा जास्त बोलायचे नाहीत, एवढंच त्यांना माहीत होतं.

गावात ज्ञानू जगदाळे एकच होता. तो दारात सिमेंटचा होऊन बसला होता.

ते चित्र मी एका दुपारीत उतरवलं. इतकं सरळ काम माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही. मग गुंडाळी करून मी समितीकडं न जाता थेट आबासाहेबांच्या घरी गेले. खोटं कशाला सांगू, मला थोडी मजा बघायची होती.

त्यांनी ते ओसरीवर उघडलं. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे म्हणतील. पण ते म्हणाले, "बसणं त्यांचंच आहे." मग त्यांनी कागद पुन्हा गुंडाळला आणि आतल्या बाईंना माझ्यासाठी पोहे करायला सांगितलं.

पोहे खाताना त्यांनी काय हवं ते सांगितलं. चित्र दालनात लागणारच, मधल्या भिंतीवर. भिंत तीच, माणूस तोच, बसणंही तसंच. फक्त पातेल्याच्या जागी मशीनगन, कानांवरचे हात गनवर, डोळे उघडे. तोंड उघडं राहिलं तरी चालेल, माणूस गर्जना करतोय असं वाटेल. मी उतरवलेला कागद मात्र त्यांनी परत दिला नाही.

त्या चित्रावर मी तीन आठवडे घालवले. सात कागद फुकट गेले. उकिडवा बसलेला माणूस मशीनगन चालवू शकत नाही हे मला पाचव्या कागदावर कळलं, तेव्हा त्याला पालथा घातला. मिशा ठेवल्या नव्हत्या लोहारांनी, त्या मी दिल्या. आठवं चित्र जमलं. इतकं जमलं की मी ते शाळेत नेऊन सहकाऱ्यांना दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मुख्याध्यापक माझ्या कामासमोर थांबले.

उद्घाटनाला वत्सलाबाई येणार नाहीत अशी तजवीज मी केली होती. त्यांना प्रवास झेपत नाही, असं मीच आबासाहेबांना सांगितलं होतं. पण त्यांनी पेपरात वाचलं आणि त्या एस. टी.नं आल्या. मंत्री यायच्या आधी त्या दालनात शिरल्या, चष्मा पुसून घातला आणि एकेका चित्रासमोर उभ्या राहत पुढं गेल्या. घोडा पाहिला, निशाणं पाहिली. मधल्या भिंतीपाशी पोचल्यावर मी त्यांच्याजवळ गेले, कारण जाणं भाग होतं.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"माझ्या घरी बसून?"

"नाही. माझ्या घरी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि जाऊन शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या.

मंत्री आले. फीत कापली. पाटीवर 'मूळ चित्रांच्या हुबेहूब प्रतिकृती' असं कोरलेलं होतं आणि खाली माझं नाव होतं, वळणदार. एकसष्टांपैकी जिवंत उरलेले एकच, धोंडीबा साळुंखे. त्यांना फेटा बांधून, छातीला पदकं लावून आणलं होतं. तोफांनी त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते सगळ्या जगाशी मोठ्यानं बोलत. आबासाहेब मंत्र्यांना एका हातानं आणि धोंडीबांना दुसऱ्या हातानं धरून चित्रं दाखवत होते. घोड्यापाशी धोंडीबा म्हणाले, आमच्याकडं घोडा नव्हता. मंत्री हसले. मधल्या भिंतीशी सगळे थांबले.

"ह्यो कोण?" धोंडीबांनी विचारलं.

आबासाहेबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, ज्ञानदेव जगदाळे.

"ग्यानू व्हय? मग त्याचं पातेलं कुठं गेलं?"

आबासाहेबांनी त्यांना पुढं न्यायचा प्रयत्न केला. पण धोंडीबा हलले नाहीत. समोर चित्र होतं, बाजूला मंत्री होता, पन्नास वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि बहिऱ्या माणसाला हळू बोला म्हणून सांगायची सोय नसते. सगळं दालन ऐकत राहिलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पलटण नदीच्या पलीकडं अडकली होती. पूल उडाला होता, खेचरं मेली होती, दोन दिवस कुणाच्या पोटात अन्न नव्हतं. अलीकडं लंगर होतं, म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. तिथून ज्ञानू भाताचं पातेलं डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून यायचा. वरून तोफगोळे.

"भित्रा," धोंडीबा मंत्र्यांना म्हणाले. "असला भित्रा माणूस म्या जल्मात बघितला न्हाई. गोळा पडला की भिताडाआड बसायचा, कान धरायचा आन् ढसाढसा रडायचा. रडून झालं की उठायचा आन् यायचा. लांबनं रडणं ऐकू आलं की आमी म्हणायचो, चला, भात आला. सा येळा आला त्यो. साई येळा रडत आला."

मग त्यांनी मशीनगनकडं बोट केलं. "ह्ये त्याला कुणी दिलं? त्येनं बंदूक कंदी हातात धरली न्हाई. त्याला भ्या वाटायचं."

मंत्री म्हणाले की वयोमानाप्रमाणे स्मृती थोडी इकडंतिकडं होते, पण आजोबांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे. टाळ्या झाल्या. भाषणं झाली. आबासाहेबांच्या भाषणाची मी वाट बघत होते. ते उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि बसले. त्यात मशीनगन नव्हती. लोक एकमेकांकडं बघायला लागले. शेवटच्या रांगेतली खुर्ची तोवर रिकामी झाली होती.

चार दिवसांनी आबासाहेब माझ्या घरी आले. एकटेच होते. त्यांना ते आधीचं चित्र हवं होतं.

"ते तुमच्याकडंच आहे," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "त्याच रात्री बंबात घातलं."

मग मी पुन्हा काढून द्यावं असं ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसले. पडकी भिंत आली. पातेलं आलं, सुतळीसकट. हात कानांवर न्यायला गेले आणि ते जाईनात. आठ वेळा ज्या माणसाला मी गन धरायला लावली होती, त्याचा खांदा, कोपर, मनगट सगळं गनच्याच दिशेनं वळत होतं. डोळे मिटलेले काढले तर ते नेम धरल्यासारखे दिसत. तासाभरानं आबासाहेब म्हणाले, "राहू द्या बाई. मिरजेला जाऊ."

वत्सलाबाईंनी दार उघडलं आणि त्यांना आत घेतलं. मी मागोमाग पायरी चढले तेव्हा त्या आडव्या उभ्या राहिल्या.

"हात धुते," मी म्हटलं.

"हाताचा प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. आवाज तसाच मऊ होता. "तुम्हाला एकदा दाखवलं. दीड महिना दाखवलं. ज्याला दिसलं नसेल त्याला मी परत दाखवीन. तुम्हाला दिसलं होतं."

दार लागलं. मी पायरीवर बसून राहिले. तासाभरानं आबासाहेब बाहेर आले आणि गाडीत बसले. सांगली मागं पडली.

"दिवाळीत वडील चार दिवस रानात जाऊन राहायचे," मग ते म्हणाले. "फटाके संपले की यायचे. आम्ही पोरं हसायचो. एकदा मी त्यांच्या पाठीमागं मुद्दाम लवंगी लावली होती." थोड्या वेळानं म्हणाले, "ते तसेच बसले होते. तसेच, भिंतीशी. मी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं होतं."

दुसऱ्या दिवशी मधल्या भिंतीवरचं माझं चित्र त्यांनी उतरवलं. त्या जागी दुसरं काही लावलं नाही. खालची नावाची पट्टी बदलून घेतली, 'ज्ञानदेव जगदाळे, लांगरी'. बाकीची चित्रं राहिली. मंत्र्यांना घोडा आवडला होता. खऱ्या प्रती अजून माझ्या कपाटात आहेत. त्या कधी कुणी मागितल्या नाहीत आणि मीही होऊन दिल्या नाहीत. माझं नाव दारावरच्या त्या पाटीवर आहे.

धोंडीबा दोन वर्षांनी गेले. वत्सलाबाईंची पेटी त्यांच्यामागं कुणाकडं गेली ते मला माहीत नाही. मी विचारायला गेले होते, घराला कुलूप होतं.

गेल्या वर्षी शाळेची सहल घेऊन मी दालनात गेले. आबासाहेब आता ऐंशीच्या पुढं आहेत, पण मुलं आली की काठी टेकत येतात आणि रिकाम्या भिंतीसमोर उभे राहून सगळं सांगतात. नदी सांगतात, उडालेला पूल सांगतात, वडील कसे घाबरायचे, कसे कान धरून रडायचे ते सांगतात. त्यात काही लपवत नाहीत. मग ते म्हणाले, असे अकरा वेळा आले, अकरा.

मुलं बाहेर गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "आबासाहेब, सहा वेळा. धोंडीबांनी सहा सांगितल्या होत्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं चिडतील.

"सहा धोंडीबाला ऐकू आल्या," ते म्हणाले. "बाकीच्या वेळी वडील रडले नसतील."